पामर घराणे : पुण्याचा एक रेसिडेंट, त्याची बेगम आणि त्याची मुले

१.
१७८५ साली लखनौ येथे एका कुटुंबचित्राचे काम सुरू झाले. चित्राच्या मध्यभागी लाल कोट घातलेला इंग्रज लष्करी अधिकारी बसला आहे. त्याच्या शेजारी उंची वस्त्रे व अलंकार ल्यालेली एक मुसलमान स्त्री जमिनीवर बसली असून तिच्या मांडीवर तान्हे मूल आहे. भोवती आणखी दोन मुले, घरातील इतर स्त्रिया आणि दाया दिसतात. चित्राचे काही भाग अपुरेच राहिले. पूर्वी ते फ्रान्सेस्को रेनाल्डी याच्या नावावर सांगितले जाई, पुढे योहान झोफानी याच्या नावावर सांगितले जाऊ लागले. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात आहे.

२.
चित्रातील अधिकारी म्हणजे विल्यम पामर. मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांना हे नाव अपरिचित नाही. नाना फडणविसांच्या अखेरच्या काळात पुण्यात असलेला इंग्रजांचा रेसिडेंट तो हाच. त्याच्या पुण्यातील पत्रव्यवहाराचा एक स्वतंत्र खंड गो. स. सरदेसाई यांनी 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स' या मालेत संपादित केला आहे. त्या खंडात राजकारणी पामर भेटतो. त्याच्या घराची हकिकत मात्र वेगळी पाहावी लागते, आणि ती पाहिल्यावर राजकारणाचाही अर्थ अधिक स्पष्ट होतो.

३.
पामरचा जन्म १७४० चा. प्रथम तो इंग्लंडच्या राजाच्या सैन्यात होता आणि त्याची पलटण वेस्ट इंडिजमध्ये होती. तेथील सेंट किट्स बेटावरील सारा हेझेल हिच्याशी त्याचा विवाह झाला. या संसारात त्याला मुलगे झाले. त्यांपैकी जॉन याची गाठ आपणास पुढे पडणार आहे. १७६० च्या दशकाच्या उत्तरार्धात राजाची चाकरी सोडून पामर ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात आला. हिंदुस्थानातील त्याच्या पुढील आयुष्यात सारा हिला स्थान उरले नाही.

४.
सैनिकाचा मुत्सद्दी कसा झाला, याचे उत्तर वॉरन हेस्टिंग्ज या एका नावात आहे. बंगालचा हा पहिला गव्हर्नर जनरल फारसी जाणणारा होता. दरबारी रीतीभाती ओळखणारी, शांत स्वभावाची माणसे त्याला हवी असत. पामर त्याचा लष्करी चिटणीस झाला आणि लवकरच त्याच्या विश्वासातील माणूस ठरला. १७८२ मध्ये हेस्टिंग्जने त्याला आपला खासगी प्रतिनिधी म्हणून लखनौस, अवधच्या नवाबाच्या दरबारी पाठविले.

५.
त्या काळी कंपनीजवळ परराष्ट्र व्यवहारासाठी वेगळे शिकवून तयार केलेले अधिकारी नव्हते. देशी दरबारांत रेसिडेंट म्हणून जाणारे बहुतेक जण लष्करातून आलेले असत. पामर, विल्यम व जेम्स हे कर्कपॅट्रिक बंधू, बॅरी क्लोज, हे सारे मूळचे सैनिक. याचे कारण व्यवहारी होते. रेसिडेंटाला छावणीबरोबर फिरावे लागे, समोरच्याचे घोडदळ व तोफखाना किती याचा अंदाज घ्यावा लागे, आणि वेळ आलीच तर आपल्या पलटणी कोठून आणता येतील हेही ठाऊक असावे लागे.

६.
दरबारात वावरण्यासाठी लागणारे दुसरे शिक्षण छावणीत मिळत नसे. फारसी बोलणे, खलित्यातील किताबांची उतरंड, कोणापुढे नजर ठेवायची, कोणाकडून पोशाख घ्यायचा, हे सारे लखनौसारख्या शहरात राहूनच अंगी येई. पामरच्या बाबतीत ते थेट घरातच आले. अवधच्या वास्तव्यात त्याचा संबंध फैज बक्ष हिच्याशी जुळला. ती इराणी वंशाच्या एका घोडदळ अधिकाऱ्याची कन्या होती.

७.
हा संबंध अल्पकाळाचा नव्हता. पामर १८१६ मध्ये वारला, तोवर तो टिकला. फैज बक्ष हिच्यापासून त्याला अनेक मुले झाली. वर सांगितलेल्या चित्रात त्यांपैकी तिघे दिसतात : १७८० चा विल्यम, १७८२ ची मेरी आणि नुकताच जन्मलेला हेस्टिंग्ज. धाकट्याचे नाव कोणाच्या उपकारांची आठवण म्हणून ठेवले, हे सांगण्याची गरज नाही. चित्र सुरू झाले त्याच वर्षी वॉरन हेस्टिंग्जने हिंदुस्थान सोडले होते.

८.
चित्रात फैजजवळ बसलेल्या स्त्रियांमध्ये तिच्या बहिणी असाव्यात, असे मानले जाते. तिची बहीण नूर बेगम हिचे नाते तर थेट मराठ्यांच्या छावणीशी जुळले. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा सावोयचा सेनानी बेन्वा द बॉइन्य याच्याशी तिने संसार मांडला. आपल्याकडे 'डिबॉइन' या नावाने ओळखला जातो तो हाच. म्हणजे शिंद्यांच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट आणि शिंद्यांचाच सेनापती हे एका घराचे जावई, परस्परांचे साडू होते.

९.
पामर शिंद्यांच्या दरबारी आला तो १७८७ मध्ये. लालसोटच्या मोहिमेने महादजींचा उत्तरेतील जम डळमळीत झाला होता. पुढच्याच वर्षी गुलाम कादिराने दिल्लीत बादशहा शाह आलम याचे डोळे काढले, आणि महादजींच्या फौजांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेऊन बादशहास गादीवर बसविले. या घडामोडी पामरने अगदी जवळून पाहिल्या व कलकत्त्यास कळविल्या. पुढे सुमारे दहा वर्षे तो शिंदेशाहीच्या राजकारणाशी जोडलेला होता.

१०.
फैज बक्ष हिला मिळालेला बहुमान याच संदर्भात समजून घ्यावा लागतो. १७९६ मध्ये शाह आलम बादशहाने तिला सनद देऊन 'साहिब बेगम' हा किताब दिला. बादशहा अंध व सत्ताहीन होता, दिल्लीवर शिंद्यांची निगराणी होती. तरीही बादशाही किताबाचे मोल उत्तर हिंदुस्थानात संपले नव्हते. दरबारी दृष्टीने फैज ही आता मानकरी स्त्री होती. इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने ती रेसिडेंटाची पत्नीही ठरत नव्हती.

११.
या फरकाची किंमत बहिणीला आधी मोजावी लागली. डिबॉइन शिंद्यांची चाकरी सोडून नूर व दोन मुलांसह इंग्लंडला गेला. नूरचे नाव 'हेलेन' झाले. १७९८ मध्ये डिबॉइनने आदेल दोस्मों या फ्रेंच उमराव घराण्यातील तरुणीशी लग्न केले आणि नूर बाजूला पडली. तिने ससेक्समधील हॉर्शम परिसरात उरलेले आयुष्य काढले व १८५३ मध्ये तेथेच तिचे निधन झाले. मराठ्यांच्या छावणीत वावरलेली ही बेगम इंग्लंडच्या खेड्यात अर्धशतकाहून अधिक काळ जगली. तिचा मुलगा पुढे वडिलांच्या शांबेरीच्या मालमत्तेचा वारस झाला.

१२.
दरम्यान कंपनीचे धोरणही बदलत होते. १७९१ मध्ये, लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या कारकिर्दीत, नियम झाला की ज्याच्या आईवडिलांपैकी एक जण हिंदी आहे अशाला कंपनीच्या मुलकी किंवा लष्करी अधिकारपदावर घेऊ नये. १७९५ मध्ये तो आणखी कडक करण्यात आला. अशा मुलांना सैन्यात राहायचेच असेल, तर बासरीवाले, ढोलवाले, वाजंत्री किंवा नालबंद म्हणून राहता येईल, असे ठरले.

१३.
हा नियम पामरच्या घराच्या बरोबर मध्यातून गेला. सारा हिचा मुलगा जॉन याला तो लागू नव्हता. फैजचा मुलगा विल्यम याला तो लागू होता. वडील एक, आडनाव एक, पण एकाला कंपनीचे दार उघडे आणि दुसऱ्याला बंद. विल्यमचे शिक्षण इंग्लंडमध्ये वूलिच येथील लष्करी शाळेत झाले होते. तोफखान्याचे शिक्षण घेऊन आलेल्या या तरुणाला त्याचे वडील ज्या सैन्यात आयुष्यभर राबले, त्याच सैन्यात अधिकारी होण्याची सोय उरली नव्हती.

१४.
१७९८ मध्ये पामर पुण्यास आला. संगमावरील रेसिडेन्सी चार्ल्स मॅलेटने उभी केली होती. मॅलेटचेही घर पामरसारखेच होते. अंबर कौर या स्त्रीपासून त्याला तीन मुले होती. तेव्हा बेगम व मुलांसह आलेला नवा रेसिडेंट पाहून पुणेकरांना फारसे नवल वाटण्याचे कारण नव्हते. नवल वाटावे अशा गोष्टी शहरात दुसऱ्या घडत होत्या.

१५.
सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर, १७९६ च्या अखेरीस दुसरा बाजीराव पेशवा झाला. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नाना फडणविसांना दौलतराव शिंद्यांकडे दगाफटक्याने कैद करण्यात आले. त्यानंतर दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पैसा उकळण्यासाठी पुण्यातील सावकार व प्रतिष्ठित लोकांचे जे हाल केले, ते शहर दीर्घकाळ विसरले नाही. नाना सुटले, पुन्हा कारभारावर आले, परंतु पेशवा, शिंदे आणि कारभारी यांच्यात परस्पर विश्वास उरला नव्हता.

१६.
त्याच वर्षी लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आला. देशी राज्यांनी आपल्या खर्चाने कंपनीची फौज पदरी ठेवावी आणि परराष्ट्र व्यवहार कंपनीच्या हाती द्यावा, ही तैनाती फौजेची व्यवस्था त्याला सर्वत्र लागू करायची होती. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाने तसा तह केला. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडून टिपू मारला गेला. आता पाळी पुण्याची होती, आणि ते काम पामरवर सोपविलेले होते.

१७.
म्हैसूरच्या मुलखातील काही वाटा पेशव्यास देऊ करण्यात आला, पण तह मान्य केला तरच. नानांनी हा डाव ओळखला होता. बाजीरावही बोलणी लांबवीत राहिला. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. मराठी राज्यातील शहाणपण व संयम त्यांच्याबरोबर गेला, अशा अर्थाचे पामरने लिहिलेले वाक्य प्रसिद्धच आहे. ते एका प्रतिपक्षाच्या वकिलाचे मत होते, म्हणून त्याला वजन आहे. पण ते अशा वकिलाचे मत होते, ज्याला प्रतिपक्षाविषयी आदर वाटू शकत होता, हेही ध्यानात ठेवावे.

१८.
पामर आणि वेलस्ली यांच्यातील अंतर येथेच दिसते. हेस्टिंग्जच्या तालमीतला पामर देशी दरबारांना मान देऊन, धीराने बोलणी करणारा होता. वेलस्लीला निकाल हवा होता, तोही लवकर. पामरचा अनुभव सांगत होता की सर्वनाश अगदी दारात आल्यावाचून पेशवा असा तह पत्करणार नाही. त्याने तसे कळविलेही. कलकत्त्यात त्याचा अर्थ लावला गेला तो असा, की म्हाताऱ्या रेसिडेंटात आता धमक उरली नाही.

१९.
साठी ओलांडलेल्या पामरला दूर करण्याचे ठरले. त्याच्या जागी प्रथम विल्यम कर्कपॅट्रिकची नेमणूक झाली होती. परंतु प्रकृती ढासळल्याने तो येऊ शकला नाही, आणि १८०१ च्या अखेरीस बॅरी क्लोज पुण्यास आला. त्याआधी, एप्रिल १८०१ मध्ये, विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देण्याचा प्रकार पुण्यात घडला होता. त्याचे परिणाम काय होणार, हे पाहण्यास पामर पुण्यात राहिला नाही.

२०.
परिणाम ठाऊक आहेत. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहावर त्याने सही केली. सहा हजार कवायती फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख, अशी ती किंमत होती. सर्वनाश दारात आल्यावरच पेशवा तह करील, हा पामरचा अंदाज शब्दशः खरा ठरला. यश मात्र क्लोजच्या नावावर जमा झाले.

२१.
पुणे सोडल्यावर पामर कुटुंब हैदराबादेस गेले. तेथे जेम्स कर्कपॅट्रिक रेसिडेंट होता. हैदराबादच्या एका उच्चकुलीन घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी त्याने केलेल्या विवाहामुळे वेलस्लीने त्याची चौकशी चालविली होती. फैज बेगम व खैरुन्निसा यांची मैत्री जुळली. या दोन घरांकडे एकत्र पाहिले म्हणजे बदललेली हवा कळते. पंधरा वर्षांपूर्वी ज्या गोष्टीचे कौतुकाने चित्र काढले जाई, तीच आता चौकशीचा विषय झाली होती.

२२.
फैजचा मुलगा विल्यम १७९९ मध्येच निजामाच्या सैन्यात दाखल झाला होता. कंपनीने नाकारलेल्यांना देशी दरबारांची चाकरी हाच मार्ग होता. शिंदे, होळकर, निजाम यांच्या कवायती पलटणींत असे कितीतरी तरुण होते. विल्यम तेथे दहा-बारा वर्षे राहिला आणि नंतर त्याने दुसरा मार्ग धरला. 'विल्यम पामर आणि कंपनी' या नावाची पेढी त्याने हैदराबादेत काढली. धाकटा भाऊ हेस्टिंग्ज, गुजराती सावकार बंकटी दास, आणि पुढे सर विल्यम रम्बोल्ड हे तिचे भागीदार झाले.

२३.
आरंभी गोदावरीकाठचे सागवान नदीतून खाली नेण्याची योजना होती. खरा पैसा मात्र निजाम सरकारला कर्ज देण्यात होता. देशी राजांना ब्रिटिश प्रजाजनांनी कर्ज देऊ नये, असा पार्लमेंटचा १७९७ चा कायदा होता. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने या पेढीला त्यातून सूट दिली. (हा हेस्टिंग्ज वेगळा, वॉरन हेस्टिंग्जशी त्याचे नाते नाही.) रम्बोल्डची पत्नी ही या लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरी वाढलेली मुलगी होती, हे तेव्हाही सर्वांस माहीत होते.

२४.
कर्ज कशासाठी लागे? निजामाच्या पैशावर चालणारी आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील एक कवायती फौज औरंगाबाद व वऱ्हाड भागात होती. तिचा पगार दरमहा वेळेवर द्यावा लागे. पामरची पेढी सुमारे दोन लाख रुपये दरमहा आगाऊ देई आणि बदल्यात मुलखाच्या वसुलाच्या वराता तिच्या नावे लिहून दिल्या जात. व्याज शेकडा २४-२५ पर्यंत जाई. दिवाण चंदूलाल सह्या करी, रेसिडेंट हेन्री रसेल मान्यता देई, आणि वसूल गावागावांतून होई.

२५.
या व्यवहाराचा शेवटचा भार वऱ्हाड-मराठवाड्याच्या कुणब्यावर पडत होता. फौज त्याने मागितली नव्हती, कर्ज त्याने काढले नव्हते, परंतु वरातीची रक्कम त्याच्या खळ्यातूनच उभी राहायची. तालुक्यांचा वसूल आगाऊ गहाण पडला, की पुढच्या वर्षी तालुकेदार तो आणखी सक्तीने गोळा करी. पामर घराण्याची कथा येथे एका कुटुंबाची उरत नाही. वडिलांनी ज्या तैनाती व्यवस्थेची बोलणी पुण्यात केली, तिचा खर्च कोठून येतो हे मुलाच्या पेढीच्या वह्यांत दिसते.

२६.
१८२० मध्ये पेढीने निजाम सरकारला ६० लाखांचे नवे कर्ज दिले. त्याच वर्षी चार्ल्स मेटकाफ हैदराबादचा रेसिडेंट झाला. त्याने हिशेब तपासण्यास सुरुवात केली आणि आरोप केला, की या ६० लाखांपैकी आठ लाख हे प्रत्यक्षात भागीदारांनी स्वतःसाठी लावलेले बक्षीस आहे. लॉर्ड हेस्टिंग्ज दुखावला, मेटकाफ मागे हटला नाही. हे प्रकरण पुढे लंडनपर्यंत गेले आणि कंपनीच्या भागधारकांच्या सभांत त्यावर दीर्घ वादविवाद झाले.

२७.
१८२३ मध्ये लॉर्ड हेस्टिंग्ज मायदेशी गेल्यावर पेढीला दिलेली सूट काढून घेण्यात आली. उत्तर सरकार या किनारी मुलखाबद्दल कंपनी निजामाला दरवर्षी सुमारे सात लाखांची पेशकश देत असे. ती कायमची बंद करून तिच्या बदल्यात १ कोटी ६६ लाख ६६ हजार ६६६ रुपये एकरकमी देण्याचे ठरले आणि त्यातून पेढीचे देणे भागविण्यात आले. निजामाने कायमचे उत्पन्न गमावले. कंपनीवरचा कायमचा बोजा उतरला. पेढीचा धंदा मात्र बसला आणि १८२४ मध्ये ती बुडाली.

२८.
मेटकाफची बाजू न्यायाची होती, यात शंका नाही. तथापि एक गोष्ट नजरेआड करू नये. ज्या मार्गांनी प्रामाणिक नोकरी मिळाली असती, ते सारे १७९१ च्या नियमाने विल्यमला बंद केले होते. दरबार आणि कंपनी यांच्या मधल्या जागेत तो उभा राहिला, कारण दुसरी जागा त्याला ठेवली नव्हती. त्या मधल्या जागेत पैसा होता आणि संरक्षण कोणा एका लाटसाहेबाच्या मर्जीवर होते. मर्जी गेली, संरक्षणही गेले. खुद्द मेटकाफला हिंदी स्त्रीपासून झालेले तीन मुलगे होते, हीदेखील त्या काळाचीच साक्ष.

२९.
सावत्र भाऊ जॉन याचा मार्ग निराळा होता. नौदलातील चाकरीनंतर तो कलकत्त्यास स्थिरावला आणि 'पामर आणि कंपनी' ही तेथील सर्वांत मोठ्या व्यापारी पेढ्यांपैकी एक त्याच्या हाती आली. 'व्यापाऱ्यांचा राजा' अशी त्याची ख्याती होती. आज लालबाजारात जेथे कोलकाता पोलिसांचे मुख्यालय आहे, तेथे त्याचे निवासस्थान होते. नीळ, जहाजे, कंपनीच्या नोकरांच्या ठेवी यांवर चालणारी ही पेढी जानेवारी १८३० मध्ये कोसळली. पुढील तीन-चार वर्षांत कलकत्त्याच्या इतर मोठ्या पेढ्याही बुडाल्या. १८३६ मध्ये जॉन वारला.

३०.
दोन्ही पेढ्या बुडाल्या, परंतु बुडण्याचा अर्थ एक नव्हता. जॉनचे दिवाळे ही बाजारातील आपत्ती मानली गेली आणि त्याच्या उदारपणाच्या गोष्टी मागे उरल्या. विल्यमच्या दिवाळ्याला आरंभापासून संशयाचा वास होता, आणि त्याच्या जन्माचा उल्लेख त्याला चिकटून राहिला. तो हैदराबादेतच राहिला. कंपनीचे राज्य गेले, राणीचे आले, १८५७ होऊन गेले. आणि १८६७ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

३१.
जनरल पामर मात्र हे सारे पाहण्यास नव्हता. पुण्याहून दूर झाल्यावर त्याच्याकडे मुंगेरची लष्करी जबाबदारी आली, आणि १८१६ मध्ये मुर्शिदाबादजवळ बहरामपूर येथे तो वारला. इतकी वर्षे दरबारांत काढूनही त्याने मोठी संपत्ती साठविली नाही. मृत्युपत्रात त्याने फैज बक्ष साहिब बेगम हिचा उल्लेख पस्तीस वर्षांहून अधिक काळची आपली प्रेमळ मैत्रीण व सहचारिणी असा केला. कायदा तिला पत्नी म्हणत नव्हता, म्हणून हे शब्द त्याला स्वतःच निवडून लिहावे लागले. फैज पुढे मुलाजवळ हैदराबादेस राहिली व १८२८ मध्ये तेथेच वारली.

३२.
या घराण्याचा एक धागा पुन्हा महाराष्ट्रात येतो. विल्यमची कन्या मेरी हिचा विवाह निजामाच्या सैन्यातील फिलिप मेडोज टेलर याच्याशी झाला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) आणि मराठ्यांच्या उदयकाळावरील 'तारा' (१८६३) या कादंबऱ्यांचा लेखक तो हाच. निजामाच्या त्या कवायती फौजेचे देणे थकतच गेले. अखेर १८५३ मध्ये वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूर दुआब निजामाला कंपनीकडे लावून द्यावे लागले. त्यातील नळदुर्ग जिल्ह्यावर अधिकारी म्हणून टेलर आला, आणि १८५७ मध्ये तो बुलढाण्यास गेला.

३३.
सासऱ्याच्या पेढीने ज्या फौजेला व्याजाने पगार पुरविला, तिच्याच देण्यापायी मुलूख गेला, आणि त्याच मुलखात जावई जमाबंदीची व्यवस्था लावीत होता. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर पुण्याच्या रेसिडेंटाची नात मराठ्यांवर कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाची पत्नी होती. पामर घराण्याची नोंद कलकत्ता, लखनौ, पुणे, हैदराबाद अशा वेगवेगळ्या दफ्तरांत विखुरलेली असल्याने हे धागे एकत्र क्वचितच दिसतात.

३४.
तैनाती फौजेचा इतिहास आपण बहुधा तहांच्या तारखांतून वाचतो. त्या तारखांच्या मागे घरे होती. बादशाही सनद असलेली बेगम इंग्रजी कायद्यात अनाम राहिली. वूलिचला शिकलेल्या मुलासाठी सैन्यात बासरी आणि ढोल एवढेच शिल्लक ठेवले गेले. आणि वऱ्हाडातल्या ज्या गावांनी व्याज भरले, त्यांतील कोणाचेही कुटुंबचित्र कोणी रंगविले नाही. पूना रेसिडेन्सीचा पामर खंड पुढच्या वेळी हाती घ्याल, तेव्हा त्यातील शांत, सभ्य पत्रांच्या शेजारी निजामाच्या फौजेच्या पगाराचे हिशेब अवश्य ठेवून पाहा.